दुसऱ्याच्या रेरा नंबरवर काम करावं की स्वतःचं रजिस्ट्रेशन काढावं? (भांडुप)

टेंभीपाडा_३१

नमस्कार. मी भांडुप पश्चिमेला राहते. शिक्षण बारावी, मराठी माध्यम. घरून शिवणकाम करते आणि गेली काही वर्षं जोडीला ओळखीतल्यांना भाडेकरू मिळवून देते. आमच्या भागात कुणाची खोली कधी रिकामी होणार, कोण किती डिपॉझिट मागणार, कुणाला फॅमिलीच हवी आणि कुणाला बॅचलर चालतात, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. कुणी हातावर पैसे ठेवले तर घेतले, नाही ठेवले तर मागितले नाहीत.

आता मुलाची शाळा आणि सासूबाईंची औषधं यात शिवणकामाचं भागत नाही, म्हणून हे काम नीट करायचं मनात आहे. मुलुंडच्या एका ब्रोकरने बोलावलं होतं. एलबीएस रोडला नवीन टॉवर उभे राहतायत, तिथे गिऱ्हाईक घेऊन यायचं. त्यांच्याकडे रेरा नंबर आहे, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीच्या रेरा कायद्याखालची एजंटची सरकारी नोंदणी. माझ्या नावाचं कार्ड ते छापून देणार, त्यावर नंबर त्यांचा. बुकिंग झालं की त्यांच्या ब्रोकरेजमधले चाळीस टक्के मला. म्हणाले, परीक्षा, फी या भानगडीत कशाला पडतेस.

माझे प्रश्न असे. हे चालतं का? स्वतःचं काढायचं तर खर्च किती आणि परीक्षा इंग्रजीतच असते का? मी आजवर इन्कम टॅक्स रिटर्न कधी भरलेलं नाही, ते अडेल का? आणि नुसत्या भाड्याच्या कामालाही रेरा लागतं का?

---

घाटकोपर_पूर्व

सुरुवातीला त्यांच्याबरोबरच काम करा असं माझं मत. मीही एका सिनियर ब्रोकरकडेच शिकलो. साइट व्हिजिट कशी करायची, गिऱ्हाइकाचं बजेट खरं किती आहे ते कसं ओळखायचं, हे कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. हातात काहीच नसताना आधी पैसे घालण्यापेक्षा काम जमतंय का ते बघा, जमलं तर नंबर काढा. आमच्या लाइनीत बरेच जण असेच तयार झालेत.

---

रावळपाडा_ताई

तू म्हणते, राग मानू नकोस, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. दहिसर पूर्वेला माझं छोटं ऑफिस आहे आणि रेरा यायच्या आधीपासून मी हेच काम करते.

घाटकोपरच्या दादांचं एक बरोबर आहे, काम माणसाच्या हाताखालीच शिकावं लागतं. पण कार्डावर नाव तुझं आणि नंबर दुसऱ्याचा, हे करू नकोस. शिकायला जायचं तर शिकायला जा, कार्ड छापून घेऊ नकोस आणि बुकिंगमधला वाटा घेऊ नकोस.

कायदा काय म्हणतो ते ऐक. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम ९ सांगतं की रेरात नोंदलेल्या प्रकल्पातलं घर, दुकान किंवा प्लॉट बिल्डर विकत असेल आणि तुला त्यात मध्यस्थी करायची असेल, तर तुझी स्वतःची नोंदणी हवी. एजंट कोणाला म्हणायचं याची व्याख्याही कायद्यात भरपूर रुंद आहे. गिऱ्हाइकाची आणि विकणाऱ्याची गाठ घालून दिलीस आणि त्याबद्दल कमिशन घेतलंस की तू एजंट, मग स्वतःला ब्रोकर म्हण, कन्सल्टंट म्हण किंवा 'मी फक्त ओळख करून दिली' म्हण. नोंदणीशिवाय हे केलं तर कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये दंड आहे आणि तो वाढत वाढत त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आता हिशेब मांड. १ कोटी २० लाखांचा फ्लॅट धर. ब्रोकरेज २ टक्के मिळालं तर २ लाख ४० हजार. त्यातले तुझे चाळीस टक्के म्हणजे ९६ हजार. दंडाची कमाल मर्यादा त्याच फ्लॅटवर ६ लाख. उद्या तक्रार झाली तर कार्डावर नाव तुझं, व्हॉट्सअॅपवर मेसेज तुझे, साइटवर घेऊन गेलीस तू. तो माणूस 'ही बाई माझ्याकडे कामाला नव्हती' एवढं एक वाक्य बोलून मोकळा होईल.

त्याची फर्म रेरात नोंदलेली असेल आणि त्याने तुला रीतसर पगारावर ठेवलं तर गोष्ट वेगळी. तरी तिथेही गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या माणसाकडे महारेराचं, म्हणजे आपल्या राज्यातल्या रेरा प्राधिकरणाचं, सक्षमता प्रमाणपत्र असावं लागतं. म्हणजे परीक्षा चुकत नाही. मग ती स्वतःसाठीच का देऊ नये?

परीक्षेचं सांगते. १० जानेवारी २०२३ ला महारेराने आदेश काढला की एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची. प्रशिक्षण २० तासांचं, महारेराने मान्यता दिलेल्या संस्थांकडूनच घ्यायचं. त्यांची यादी महारेराच्या संकेतस्थळावर आहे, तीच बघ. रस्त्यावरच्या खांबावर 'रेरा लायसन्स दोन दिवसांत' अशी पत्रकं चिकटवलेली असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. परीक्षा बँकांच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस संस्था घेते. केंद्रावर जाऊन कॉम्प्युटरवर द्यायची, प्रश्न पर्यायांचे, आणि मराठीतून देता येते. बारावी झालेल्या, रोज चार लोकांशी भाड्याचे व्यवहार बोलणाऱ्या बाईने याला घाबरायचं कारण नाही.

हे सगळं आमच्यासारख्या जुन्यांनाही लागू झालं. नंबर आधीच होता, तरी १ जानेवारी २०२४ च्या आत प्रमाणपत्र घेऊन ते संकेतस्थळावर चढवायचं होतं. ज्यांनी केलं नाही अशा सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये महारेराने स्थगित केली. माझ्या ओळखीतली चांगली, कामसू माणसंसुद्धा त्यात होती. 'कोण बघतंय' म्हणून बसून राहिली.

अभ्यास मात्र पाठांतर म्हणून करू नकोस. तिथे जे विचारतात तेच रोज लागतं. कार्पेट एरिया म्हणजे काय, हे तुला झोपेतही सांगता आलं पाहिजे: घराच्या आतला वापरायचा भाग, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी त्यात नाही. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट. बिल्डरच्या ऑफिसात 'सेलेबल', 'बिल्टअप', 'युजेबल' असे शब्द गिऱ्हाइकावर फेकतात, तेव्हा कॅल्क्युलेटर काढून हा गुणाकार तू त्याच्यासमोर करायचास. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, हे कलम १३. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षं बिल्डरवर, हे कलम १४. ही दोन कलमं माहीत असलेली बाई गिऱ्हाइकाच्या शेजारी बसली की समोरच्याची भाषा बदलते.

कलम १० तर आपल्यासाठीच आहे. ज्या प्रकल्पाची नोंदणी हवी असून झालेली नाही तिथे विकायला मदत करायची नाही, खोटी जाहिरात किंवा खोटं आश्वासन द्यायचं नाही, हिशेबाची पुस्तकं ठेवायची, आणि बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला हक्काची सगळी माहिती आणि कागद मिळतील हे बघायचं. हे शेवटचं कोणी करत नाही आणि मला विचारशील तर आपलं खरं काम तेच आहे. माणूस आयुष्याची कमाई आणि वर वीस वर्षांचं कर्ज घालतो. त्या व्यवहारात बिल्डरला वकील असतो, बँकेला वकील असतो. त्या कुटुंबाच्या बाजूने टेबलावर फक्त ब्रोकर असतो.

मागे नायगावचं एक नवरा-बायको माझ्याकडे आलं होतं. उपनगरातल्या एका प्रकल्पात २६ व्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी मनात पक्का केला होता, टोकनचा चेक पर्समध्ये. सेल्स ऑफिसने सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत ओसी, म्हणजे राहायला जायची परवानगी. मी चहा सांगितला आणि त्यांनाच मोबाइलवर महारेराचं पान उघडायला लावलं. प्रकल्पाचा नंबर टाकला. आधी नोंदलेल्या प्रकल्पांत उपनगरातले नंबर पी५१८ ने सुरू होतात, शहरातले पी५१९ ने, हे डोक्यात राहू दे. पानावर दोन वेगळ्या ओळी असतात, प्रस्तावित मजले आणि मंजूर मजले. प्रस्तावित होते २८, मंजूर २२. बाईंनी बोट तिथेच ठेवलं आणि मला विचारलं, 'मग आमचा मजला आहे कुठे?' खाली पूर्णत्वाची तारीख एकदा वाढवलेली आणि अजून अडीच वर्षं लांब. कोर्टकचेरीच्या रकान्यात दोन दावे. मी त्यांना घेऊ नका म्हटलं नाही, ते माझं काम नाही. त्यांनी आठवड्याने त्याच प्रकल्पात १६ वा मजला घेतला, तारीख माहीत असताना, भाड्याचा खर्च धरून. कर्जाचा हप्ता आणि भाडं दोन्ही किती महिने भरावं लागेल याचा आकडा त्यांनी आधीच मांडला होता. त्या बाईंनी पुढे तिच्या भावाला माझ्याकडे पाठवलं.

दुसऱ्याच्या नंबरवर हे तुला करता येणार नाही, कारण ज्याचा नंबर, त्याला बुकिंग हवं असतं आणि तू मध्ये पान उघडून बसलेली त्याला चालणार नाही.

खर्च: व्यक्तीच्या नावाने अर्ज केला तर नोंदणी फी १०,००० रुपये, फर्म किंवा कंपनी असेल तर १ लाख. तुझ्या स्वतःच्या नावाने कर. नोंदणी ५ वर्षं चालते आणि महाराष्ट्रभर चालते. प्रशिक्षणाची आणि परीक्षेची फी वेगळी, ती संस्थेकडे आधी विचार. क्रम असा: प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र आणि मग ऑनलाइन अर्ज. कुठल्याही ऑफिसच्या खिडकीत कागद द्यायचा नाही आणि कुणाला 'आत ओळख आहे' म्हणून पैसे द्यायचे नाहीत.

भाड्याचं: कलम ९ बिल्डरच्या विक्रीबद्दल आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे भाडेकराराच्या, कामाला रेरा नंबर लागत नाही. म्हणजे आज जे करतेस ते सुरू ठेव, फक्त नीट कर. आता हातावर ठेवलेले पैसे नकोत, आधी बोलून ठरवलेलं ब्रोकरेज घ्यायचं, पावती द्यायची.

---

टेंभीपाडा_३१

ताई, तुम्ही एवढं लिहिलंत, मी दोनदा वाचलं आणि मिस्टरांनाही वाचून दाखवलं. तू म्हणालात त्याचं बरंच वाटलं. मुलुंडला नाही म्हणून कळवते. रिटर्नचं तेवढं सांगा. आणि अर्जात लेटरहेड, रबर स्टॅम्प मागतात असं एकीकडून ऐकलं. माझ्याकडे ऑफिसच नाही, घराचा पत्ता चालेल का?

---

खेतवाडी_जुना_रहिवासी

मी ब्रोकर नाही, पण गिरगावात आमच्या इमारतीच्या कमिटीवर बरीच वर्षं आहे, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

जुन्या सोसायटीतला फ्लॅट एक मालक दुसऱ्याला विकतो, त्या रीसेललाही वर म्हटलेलं कलम लागत नाही. पण म्हणून ते सोपं नाही. शेअर सर्टिफिकेट, पहिल्यापासूनची करारांची साखळी, प्रत्येकाचं इंडेक्स टू (करार नोंदल्याचा सरकारी उतारा), सोसायटीची थकबाकी, हे बघितल्याशिवाय कुणाचंही टोकन हातात घेऊ नका. आमच्याकडे पागडीच्या खोल्या आहेत. तिथे विकणारा मालक नसतो, भाडेकरू असतो, आणि घरमालकाच्या संमतीशिवाय नाव बदलत नाही. फ्लॅट समजून बोलणी करायला आलेले ब्रोकर मी पाहिलेत आणि त्यांच्या भरवशावर गावची जमीन विकून आलेली कुटुंबंही पाहिलीत. ते बघवत नाही.

दुसरी गोष्ट म्हाडा. तुमच्याकडे भाड्याची माणसं येतात, त्यातला कुणी ना कुणी विचारणारच, ताई, म्हाडाचं काही होईल का? म्हाडाने घरांसाठी कोणताही एजंट नेमलेला नाही, हे ते प्रत्येक सोडतीला जाहीर सांगतात. फॉर्म ऑनलाइन भरायला हवी तर मदत करा, पण त्या नावाने एक रुपया घेऊ नका आणि घेणाऱ्याकडे कुणाला पाठवू नका.

---

रावळपाडा_ताई

खेतवाडीच्या काकांनी लिहिलेलं कुठेतरी उतरवून ठेव, टेंभीपाडा. पागडीचा व्यवहार मी स्वतः अजूनही वकिलाला बरोबर घेतल्याशिवाय करत नाही.

रिटर्नचं: अर्जात मागच्या तीन वर्षांची रिटर्न मागतात. उत्पन्न करपात्र नसल्यामुळे भरली नसतील तर तसं घोषणापत्र जोडता येतं. त्यामुळे अडणार नाही. पण या वर्षापासून रिटर्न भरायला लाग. बिल्डर ब्रोकरेज देताना टीडीएस कापतो. ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला आहे, आणि रिटर्न भरलंस तरच ते कापलेले पैसे परत मिळतील. नवऱ्याच्या खात्यात ब्रोकरेज मागवू नकोस. नंबर तुझा, पॅन तुझं, तर बँकेचं खातंही तुझंच. जीएसटीची काळजी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की, तोवर नाही.

लेटरहेड आणि स्टॅम्प: बरोबर ऐकलंस. जे लेटरहेड, रबर स्टॅम्प आणि पावती तू वापरणार त्यांची प्रत अर्जाबरोबर द्यावी लागते. म्हणजे हे आधी करून घ्यायचं. स्टेशनजवळच्या कुठल्याही स्टॅम्पवाल्याकडे होतं, पण छापायला टाकण्याआधी पॅनकार्ड समोर ठेव. पॅनवर लग्नाआधीचं नाव, आधारवर लग्नानंतरचं आणि स्टॅम्पवर तिसरंच काहीतरी, असं आपल्या बायकांच्या अर्जात फार होतं आणि अर्ज परत येतो. तुझं तसं असेल तर प्रशिक्षणाला नाव घालायच्या आधी पॅनवरचं नाव दुरुस्त करून घे, कारण परीक्षेच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापून येईल तेच पुढे सगळीकडे चालणार.

घराचा पत्ता चालतो, मीही घरातूनच सुरुवात केली. पत्त्याचा पुरावा लागेल. घर सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल तर लाइट बिल आणि त्यांचं संमतीपत्र तयार ठेव. गुमास्ता, म्हणजे धंद्याची नोंद, वेगळा. तू एकटीच काम करणार असशील तर २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. बँकेत धंद्याचं चालू खातं काढताना ती पावती उपयोगी पडते, म्हणून काढून ठेव.

नंबर आला की तो ए अक्षराने सुरू होईल. तो कामाच्या जागी लोकांना दिसेल असा लावायचा, आणि कार्ड, लेटरहेड, जाहिरात, व्हॉट्सअॅपवर फिरवायचं पोस्टर, सगळ्यावर टाकायचा. प्रकल्पाची जाहिरात करशील तेव्हा प्रकल्पाचा पी-नंबरही हवा. बिल्डरकडून आलेलं पोस्टर नंबर नसताना पुढे पाठवू नकोस, त्याला सांग, नंबर टाकून दे मग पाठवते.

पहिल्या बिल्डरकडे जाशील तेव्हा ब्रोकरेज किती टक्के, कशावर आणि कधी, हे ईमेलवर लिहून घे. 'कशावर' म्हणजे करारनाम्याच्या किमतीवर की पार्किंग, क्लबहाउस धरून, ते. 'कधी' म्हणजे टोकनवर, करारनामा नोंदल्यावर की बँकेचा पहिला हप्ता आल्यावर. आणि गिऱ्हाइकाला घेऊन साइटवर जाण्याआधी त्याचं नाव आणि फोनचे शेवटचे चार आकडे त्यांच्या सेल्स ऑफिसला कळवून, 'नोंद झाली' असं उत्तर आल्यावरच निघ. तो शेवटचा मेसेज जपून ठेव. पुढे 'हे गिऱ्हाईक थेट आलं होतं' असं कुणी म्हणालं तर तोच कामाला येतो.

भाड्याच्या कामात एवढंच सांभाळ: करार कितीही ओळखीतला असो, नोंदवलाच पाहिजे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे आणि जबाबदारी घरमालकावर आहे, हे मालकाला तू समजावून सांग. आता घरी बसून अंगठ्याच्या मशीनवर होतो. सोबत भाडेकरूची पोलिसांना माहिती द्यायची, ती ऑनलाइन जाते. या दोन गोष्टी तू करून दिल्यास तर टेंभीपाड्यातला घरमालक पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला फोन करणार नाही.

प्रशिक्षणाला नाव घातलंस की इथेच लिही. मराठीतल्या नोट्स माझ्याकडे आहेत, त्या देते.